मॉस्कोला न गेलेला व्याही

मुर्सालबेकला मॉस्कोला धाडलं ते त्याच्या थोरल्या भावानं, आणि तेही त्याला न विचारता. ना तिकीट, ना पेटी, ना स्टेशनावर निरोप द्यायला कुणी. कोच्कोरहून मुर्सालबेकच्या मुलीला, पेरिझातला, मागणी घालायला माणसं आली, त्यांनी विचारलं, "मुलीचे वडील दिसत नाहीत?" आणि त्या थोरल्या भावानं, शार्शेननं, चहाचा घोट गिळता गिळता सांगून टाकलं, "तो रशियात असतो. मॉस्कोला. बांधकामावर वेल्डर आहे." पाहुण्यांनी समजून माना डोलावल्या. त्यात नवल ते काय? किर्गिझ मुलखात, सरोवराकाठच्या त्यांच्या बालिक्ची गावात, दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी तिकडे राबत होतंच. आणि जे राबत नव्हते, म्हणजे दारूपायी घरातून गेलेले, तुरुंगात पडलेले, दुसरा संसार थाटलेले, त्यांनाही घरचे लोक बोलण्यातून मॉस्कोलाच पाठवायचे. मॉस्को फार मोठं आहे, सगळे मावतात.

मुर्सालबेक वेल्डर होता एवढं मात्र खरं. पण तो होता त्याच गावात, रुळांपलीकडे, निळ्या खिडक्यांच्या घरात. शार्शेनच्या दारातून निघालं तर हातातला चहा निवायच्या आत पोचावं, इतक्याच अंतरावर.

निळ्या खिडक्यांचं घर म्हटलं की गल्लीतली माणसं आधी आधी आवाज खाली आणत. दारू सोडलेली, डोक्याच्या आजारातून उठलेली माणसं तिथे एकत्र राहत. ते हॉस्पिटल नव्हतं. खिडकीला गज नव्हते की दाराशी पहारेकरी नव्हता. ज्याची त्याची खोली, ज्याची त्याची किल्ली, स्वयंपाकाची पाळी, जमेल तसं कामाला जायचं आणि संध्याकाळी एका टेबलाशी बसून जेवायचं. झुराकान नावाची एक दांडगी, हसरी बाई दिवसभर तिथे असे. पूर्वीची नर्स. गोळ्या वेळेवर घेतल्या का ते बघणारी, नोकरीसाठी चार ठिकाणी भांडून येणारी, आणि कुणी पुन्हा घसरला तर त्याला दार न लावणारी. सगळे तिला एजे म्हणत, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं.

मुर्सालबेक तिथे आला तेव्हा त्याला स्वतःच्या सावलीचीही भीती वाटे. जहाजं दुरुस्त करायचा कारखाना बंद पडला, मग बायको गेली, मग दारू आली, आणि दारूच्या मागोमाग एका हिवाळ्यात भिंतींमधून पाण्याचा आवाज यायला लागला. सगळं सरोवर आपल्यावर चालून येतंय असं वाटून तो बर्फात अनवाणी पळाला होता. आता ते पाणी ओसरलं होतं. बाजारामागच्या लोहारशाळेत तो लोखंडी शेगड्या बनवी, आणि त्याच्या शेगडीतून धूर गळतो असं म्हणणारा माणूस गावात सापडला नसता. शुक्रवारी मशिदीत जाई. एके काळी तोंडाच्या वासापायी दाराशी चपलांजवळ उभा राहणारा मुर्सालबेक आता पुढच्या ओळीत उभा राही, आणि इमामसाहेब गळा मोकळा सोडून कुराण म्हणू लागले की त्याला वाटे, देवानं आपल्याला आणखी एक कान दिला आहे, चांगलं तेवढं ऐकणारा.

बटाटे काढून झाले होते. लग्नांचे दिवस. उलान वारा खिंडीतून सुटला की गावातले पत्रे वाजत. अशा एका दुपारी शार्शेन आणि पेरिझात दोघंही त्याच्या खोलीत आले. शार्शेन प्रथमच आला होता. टोपी हातात घेऊन तो खोली बघत राहिला. पलंग, गालिचा, खिडकीत जर्दाळूच्या मुरांब्याची बरणी.

"बरंय की," तो म्हणाला. त्याला काहीतरी वाईट दिसेल असं वाटलं असावं.

"बस ना दादा. चहा ठेवतो."

"चहा राहू दे. काम आहे. मोठंच काम आहे." शार्शेननं खिशातून नवा फोन काढला. "हा धर. येत्या रविवारी व्याही मुलीला कानातली घालून लग्न पक्कं करायला येणार. तू फोनवर यायचं. तोंड दिसतं तो फोन. सलाम करायचा, मुलीला दुवा द्यायची, दोन शब्द बोलायचे आणि ठेवायचा. मागे भिंत घे, खिडकी घेऊ नकोस. खिडकीतून डोंगर दिसतात."

"मॉस्कोला डोंगर नाहीत?"

"थट्टा नको करूस, मुर्साल!"

"मग थट्टा करतंय कोण? आणि फोनच कशाला? इतके दिवस मी मॉस्कोला गुपचूप राहत होतो, कुणाला काही त्रास होता का?"

आता पेरिझातला हसू आवरेना. ती बालवाडीत शिकवायची, आणि हसू दाबताना तिचे गाल तिच्या आईसारखे फुगत. "बाबा, त्यांचा धाकटा मुलगा खरंच मॉस्कोला आहे. गाडी चालवतो. सासूबाईंनी जाणाऱ्या माणसाबरोबर त्याच्याकडे तुमच्यासाठी कुरुत धाडलंय, घरच्या वाळवलेल्या दह्याचं, पिशवीभर. व्याह्यांना परक्या देशात घरची चव मिळावी म्हणून. आणि तो बिचारा सुट्टीच्या दिवशी ते घेऊन तुम्हाला शोधत फिरतोय. आपले लोक जिथे जिथे कामाला आहेत तिथे जाऊन विचारतोय, बालिक्चीचा वेल्डर मुर्सालबेक कुठे राहतो?"

मुर्सालबेक पलंगावर बसला आणि इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शार्शेनच्या कपाळावरच्या आठ्या मात्र हलल्या नाहीत.

"हसा. व्याही दर फोनला पत्ता विचारतो. मी म्हणतो, जागा बदलली. मी म्हणतो, पाळी रात्रीची आहे. किती दिवस? एकदा तू तोंड दाखव, सगळं मिटेल."

मुर्सालबेकनं डोळे पुसले. आता त्याचं तोंड गंभीर झालं. त्यानं भावाकडे नाही, मुलीकडे पाहिलं. "तुला काय पाहिजे, पेरी?"

ती बोटानं गालिच्यावरची नक्षी गिरवत राहिली. "इलगिझला मी सांगितलंय सगळं. पहिल्याच महिन्यात. त्याला काही वाटत नाही. पण त्याच्या आईवडलांचं मला माहीत नाही. ते जुन्या वळणाचे आहेत. नाही म्हणाले तर..." ती थांबली. "नाही म्हणू नयेत असं फार वाटतं मला, बाबा. फार. पण दुवा मला फोनमधून नको. तुम्ही समोर असायला हवे. तुमचे हात दिसायला हवेत."

झालं. मुर्सालबेकचं ठरलं. त्याला माहीत होतं काय जाऊ शकतं. लग्न जाऊ शकतं, आणि मुलीच्या तोंडावरचं हे हसू त्याच्याबरोबर जाऊ शकतं, आणि मग तिनं कधी तोंडानं म्हटलं नाही तरी जन्मभर ते त्याच्याच खात्यावर राहील. पण बर्फात अनवाणी पळणाऱ्या माणसाला झुराकान-एजेनं जे पहिलं शिकवलं होतं ते हेच, की जे आहे ते आहे म्हणायचं, मग पुढचं पाऊल टाकायचं.

"व्याह्यांना सांग दादा, मुलीचा बाप परत आलाय. त्याच्या घरी या. कानातली बापाच्या घरी घालतात."

"कुठल्या घरी?"

"ह्या."

शार्शेननं टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. "वेड लागलंय का तुला?" असं त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि मग आपण कुणाला काय म्हणालो हे कळून तो लाल झाला.

"लागलं होतं," मुर्सालबेक शांतपणे म्हणाला. "आता उतरलंय. म्हणून तर बोलावतोय."

निळ्या घराचा एक रिवाज होता. बाहेरचे पाहुणे बोलवायचे तर सगळ्यांनी हो म्हणायला हवं. संध्याकाळी जेवणं झाली की टेबलावर पळी ठेवत. ज्याच्या हाती पळी त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्या संध्याकाळी मुर्सालबेकनं पळी उचलली आणि सगळी हकीकत सांगितली, मॉस्को, कुरुत आणि शार्शेनच्या भिंतीसकट. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

मग पळी तोलोगोन मास्तरांकडे गेली. ते घरात सगळ्यांत वयस्कर, शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांच्या कानात कुणी कुणी बोलत असे. गोळ्यांमुळे ते आवाज आता लांबून, भिंतीपलीकडून येत. मास्तरांनी पळी उभी धरली, वर्गात छडी धरावी तशी.

"माझी हरकत नाही. पण एक अट. या टेबलाशी बसून कुणी मॉस्कोचं नाव घ्यायचं नाही. माझं डोकंच मला दिवसभर खोटं सांगत असतं. त्यातून खरं निवडता निवडता माझी दमछाक होते. वर आणखी तुमचं खोटं मी कुठे ठेवू?"

"मास्तर, मी पहिल्याच वाक्यात सांगणार आहे," मुर्सालबेक म्हणाला.

"पळी माझ्याकडे आहे."

"चुकलो."

ल्युबानं पळी हातात घेतली तेव्हा ती थरथरली. ल्युबा माशांच्या कारखान्यात आयुष्यभर डबे भरत आली होती. रशियन आईबापांची, पण किर्गिझ बोलायला लागली की गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी कान टवकारावेत. काही वर्षांपूर्वी तिच्यावर असा काळोख उतरला होता की ती महिनोन् महिने उठलीच नाही. आता उठली होती, पण औषधानं हात हलत, आणि परकी माणसं दिसली की जीव घाबरा होई.

"मी हो म्हणते. पण मी खोलीत बसेन. दार लावून."

"मग चहा कोण ओतणार?" मास्तर म्हणाले. "पिठाचे बोरसोक मी तळीन. मांस मुर्साल बघेल. समोवराशी तुझ्याशिवाय कुणी बसलं तर चहा गटारीचा होतो."

"मास्तर, पळी तिच्याकडे आहे," झुराकान-एजे दारातून ओरडली.

ल्युबानं पळीकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "समोवर मध्ये असेल ना? माझ्या आणि त्यांच्या मध्ये?"

"मोठ्यातला मोठा समोवर आणू शेजारून."

"मग ठीक आहे."

रविवार उजाडला तो वाऱ्यासकट. अंगणातलं धुणं कुंपणावर जाऊन बसलं. सकाळपासून घरात तेलाचा वास, मास्तर पिठानं माखलेले, टेबलाला पांढरी चादर, मध्ये गोल भाकऱ्यांची उतरंड. शार्शेन आधीच येऊन दाराजवळच्या जागेवर बसला होता, तोंड पाडून, शिक्षकानं उठवून कोपऱ्यात बसवल्यासारखा. पेरिझातनं पांढरा रुमाल बांधला होता, आणि ती दर थोड्या वेळानं खिडकीशी जात होती.

कोच्कोरची गाडी आली. पुढे कादिरकुल, उंच, हडकुळा, डोक्यावर उभी पांढरी टोपी. मागे त्याची बायको सोनुनबू, ठेंगणी, डोळे असे की घरात शिरण्याआधी तिनं छपरावरचा पत्राही मोजला असेल. मागोमाग नवरा मुलगा इलगिझ, सासरच्या घरात पाहुणा असल्यासारखा लाजत. कादिरकुलच्या हातात मिठाईची पिशवी होती आणि पिशवीतून बाटलीची मान डोकावत होती.

मुर्सालबेकनं दोन्ही हातांनी हात मिळवला. "या व्याही. या विहीणबाई. घर तुमचं आहे. फक्त ती बाटली गाडीतच राहू द्या. या घरात ती शिरत नाही."

"सोडली वाटतं?" कादिरकुल हसला. "छान. देव बळ देवो. मॉस्कोत सोडणं सोपं नाही."

आत मास्तर खोकले. मोठ्यानं.

पाहुणे बसले. दारापासून लांबची मानाची जागा कादिरकुलला. समोवरामागे ल्युबाचे फक्त केस दिसत होते. सोनुनबूनं भाकरीकडे हात नेला, आणि मुर्सालबेक म्हणाला, "थांबा, विहीणबाई. भाकर मोडण्याआधी ऐका. एकदा भाकर चाखली की माणूस बांधला जातो. मला तुम्हाला न सांगता बांधायचं नाही."

हात हवेतच राहिला.

"मी मॉस्कोला गेलो नाही. कधीच नाही. मी इथेच होतो. आधी दारूत होतो, मग हॉस्पिटलात, आता या घरात. हे घर तसल्याच माणसांचं आहे. मी वेडा झालो होतो, व्याही. दारू सोडून आणि औषध घेऊन माणसात आलो. रोज गोळी घेतो, रोज कामाला जातो. माझी मुलगी चांगली आहे, ती तिच्या काकूनं वाढवली, आणि ती खोटं बोललेली नाही. खोटं आम्ही भाऊ बोललो. दादा बोलला, मी बोलू दिलं. आता भाकर मोडायची की उठायचं, तुम्ही ठरवा."

इतकं सगळं तो एका दमात बोलला, आणि त्याला आश्चर्य वाटलं की आवाज कुठेच चिरकला नाही.

कादिरकुलनं टोपी नीट केली. त्याची मान हळूहळू लाल होत गेली. तो मुर्सालबेकवर ओरडला नाही, दाराकडे वळला.

"शार्शेन! माझा पोरगा! माझा पोरगा मॉस्कोत बर्फात उभा राहून विचारत होता, मुर्सालबेक वेल्डर कुठे राहतो! एकदा एका बांधकामावर दुसऱ्याच मुर्सालबेककडे गेला. तो नारीनचा निघाला! त्यानं याला आत घेतलं, जेवायला घातलं, आणि वर म्हणतो, कुरुत ठेवून जा, मी तुमचाच व्याही होईन!"

इलगिझनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"दुखणं कुणाला येत नाही?" कादिरकुलचा आवाज आणखी चढला. "दुखण्याला मी काय म्हणणार? पण मला मूर्ख बनवलं! माझ्या टेबलाशी बसून, माझं मटण खाऊन!"

"माझं चुकलं," शार्शेन पुटपुटला. "लाज वाटत होती, व्याही. दुसरं काही नाही."

नेमक्या याच वेळी ल्युबाला वाटलं, काहीतरी करायला हवं. माणूस तापला की त्याला चहा द्यावा. तिनं पियाला भरला, आणि हात थरथरत होता म्हणून तोटी बंद करायला उशीर झाला. दूधचहानं भरलेला पियाला, काठोकाठ, तिनं दोन्ही हातांनी कादिरकुलसमोर ठेवला.

पाहुण्याला चहा थोडा थोडा ओततात, म्हणजे तो पुन्हा मागतो, पुन्हा बसतो. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे एकच गोष्ट: आता निघा.

कादिरकुलनं पियाल्याकडे पाहिलं. मग यजमानांकडे. आणि तो उठू लागला. "कळलं," तो म्हणाला. "चल गं."

"नाही!" ल्युबा उभी राहिली. समोवराच्या वर पहिल्यांदाच तिचं पूर्ण तोंड दिसलं. "जा म्हणत नाही मी! हात हलतो माझा, हो. गोळ्यांनी हलतो. बघा!" तिनं दोन्ही हात पुढे केले, पानांसारखे. "मी या गावात जन्मले. पियाला कसा भरतात ते मला तुमच्याइतकंच कळतं. आठवडाभर रात्री झोप नाही मला, तुम्हाला चहा नीट देता येईल का म्हणून. आणि शेवटी मी हेच केलं!"

ती रडत नव्हती. रागावली होती, स्वतःवर आणि जगावर. घरात आल्यापासून तिला कुणी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मास्तर सावकाश उठले, टेबलाला वळसा घालून आले, तो पियाला उचलला आणि उभ्या उभ्याच अर्धा पिऊन टाकला. मिशी पुसली. उरलेला अर्धा परत व्याह्यांसमोर ठेवला.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "बसा. जरा गोड झालाय."

सोनुनबू पहिल्यांदा हसली. हसली म्हणजे पोट धरून हसली, आणि नवऱ्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं. "बसा हो. इतकी घासाघीस करून चहा मिळतो का कुठे?" मग हसू आवरून ती मुर्सालबेककडे वळली, आणि तिचे ते मोजणारे डोळे त्याच्या तोंडावर स्थिर झाले. "मी स्पष्ट विचारते, व्याही. राग मानू नका. हे रक्तातून उतरतं का? माझ्या नातवंडांना होईल?"

झुराकान-एजे काही बोलणार होती. मुर्सालबेकनं हात वर केला. त्यालाच उत्तर द्यायचं होतं.

"होऊ शकतं, विहीणबाई. होणारच असं नाही. नाही होणार असं म्हणालो तर ते दुसरं मॉस्को झालं. पण माझं झालं तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की हे दुखणं आहे. मी समजलो, माझंच मन नासलंय. तुमच्या नातवाला असं वाटणार नाही. त्याचा आजोबा त्याला हाताला धरून नेमक्या दारात नेईल. दार कुठलं, ते मला पाठ आहे."

सोनुनबू पेरिझातकडे पाहू लागली. पेरिझात दाराला टेकून उभी होती, ओठ घट्ट दाबून, आणि बापाकडे असं पाहत होती जसं कुणी लांबच्या गाडीची वाट पाहून पाहून ती खरीच आल्यावर पाहतं.

"माझा मोठा भाऊ," सोनुनबू म्हणाली, "कुरणात एकटा गेला आणि परत आलाच नाही. सगळे म्हणाले, घोड्यावरून पडला." ती थांबली. "घोडा चांगला होता."

कादिरकुलनं बायकोकडे चमकून पाहिलं. इतक्या वर्षांत ते त्यानंही ऐकलं नसावं. मग त्यानं समोरची भाकर उचलली, दोन्ही हातांनी मोडली, एक तुकडा तोंडात घातला आणि एक बायकोला दिला. चावता चावता म्हणाला, "शार्शेन, तिकडे दारात काय बसलायस परक्यासारखा? इकडे सरक. आणि तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, लक्षात ठेव."

"लक्षात आहे," शार्शेन म्हणाला, आणि सरकला.

मग काय विचारता! मांसाच्या पराती आल्या, बोरसोकांचे डोंगर आले. कुणाला कुठलं हाड वाढायचं यावर मास्तर आणि कादिरकुल यांच्यात असा वाद रंगला की दोघांनाही त्यात सुख वाटत होतं. मास्तर म्हणत, वयानं मी मोठा, पण पाहुणे तुम्ही. कादिरकुल म्हणे, माझा अर्धा चहा प्यायलात, तेव्हा तुम्हीच घ्या. ल्युबा एकामागून एक पियाले भरत होती. काही अर्धे, काही काठोकाठ, आणि काठोकाठ आलेला जो तो न बोलता शेजाऱ्याच्या पियाल्यात थोडा ओतून घेत होता.

जेवण संपलं. आता दुवा. कादिरकुलनं हात पुसले आणि रिवाजाप्रमाणे मास्तरांकडे पाहिलं. "घरात वडील तुम्ही. दुवा तुम्ही द्या."

मास्तर एके काळी पंचक्रोशीत दुवा म्हणायला बोलावले जात. गळा गोड, शब्द ओघाचे. पण आवाज ऐकू येऊ लागले तसं त्यांनी म्हणणं सोडलं होतं. त्यांनी मान हलवली. "सूर मी धरीन. शब्द बापाचे."

मुर्सालबेकनं हात पसरले. तळहात वर. त्यावर ठिणग्यांचे जुने डाग होते. शब्दांची त्याला सवय नव्हती. त्याला लोखंडाची सवय होती. पण समोर मुलगी उभी होती, आणि तिनं मागितले होते ते हेच हात.

"पेरी," तो म्हणाला. "घर तुझं उबदार राहो."

"आमीन," सगळे म्हणाले, आणि मास्तरांनी त्याच शब्दाला एक लांब, खालचा सूर लावला, वारा पत्र्याखालून जातो तसा.

"शेगडीत विस्तव राहो, डोळ्यांत धूर न जावो."

"आमीन."

"माणसं येवोत, भाकर पुरो."

"आमीन." आता ल्युबाचाही आवाज त्यात होता. सूर वर चढत होता, एका हातून दुसऱ्या हाती दिवा जावा तसा.

"तुमच्या दोघांचा जोड पक्का बसो. आणि तडा गेलाच कधी, तर रंग लावून झाकू नका. आणा. दाखवा. तापवू, पुन्हा जोडू. जोडलेली जागा नव्यापेक्षा पक्की होते, हे मी करून बघितलंय. देवानं माझ्यावर करून बघितलंय."

"आमीन!" यावेळी कादिरकुल सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला.

सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. शार्शेनचे हात तोंडावरच राहिले होते, जरा जास्त वेळ. मास्तरांचा सूर थांबला तरी खोलीत तो अजून होता, आणि मास्तर मान तिरकी करून ऐकत होते. तो आपलाच आवाज आहे याची त्यांना खात्री पटल्यासारखं दिसत होतं.

सोनुनबूनं रुमालाच्या गाठीतून चांदीची कानातली काढली. लांब, लाल खड्याची. पेरिझातच्या पुढ्यात ती टाचा उंचावून उभी राहिली, तरी तिचा हात पुरेना.

"वाक गं थोडी, सूनबाई," ती म्हणाली. "तुझ्या बापाची उंची घेतलीयस, ते काही मला आधी कुणी सांगितलं नाही."